नऊ फरश्या

सिडकोतल्या आमच्या स्वयंपाकघरात
मागच्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत नऊ फरश्या आहेत.
बारा वर्षं पुसतेय, पण मोजल्या नव्हत्या
पतंग येईपर्यंत.

ग्रेहाऊंड. शर्यतीतून उतरवलेला.
कानात आतल्या बाजूला गोंदलेला निळा आकडा,
आणि बरगड्या अशा, की तेजल म्हणाली,
आई, याला कागद लावायचा राहिलाय.
म्हणून पतंग.

दिवसभर असायचा घडी घातलेल्या चादरीसारखा.
हाक मारली की आधी भुवई हलणार,
मग विचार करून शेपूट.
पण वाडगं खाली ठेवलं
की त्याच्या घशात कुणीतरी जातं फिरवायला घ्यायचं,
डोळ्याच्या कडेला पांढरी कोर.
खाणं कमी, राखणच जास्त.

पगारकाका म्हणाले, हात घाला वाडग्यात,
ओढून घ्या एकदा, मालक कोण ते कळू दे.
हिरामण काहीच बोलला नाही.
तो जेवत होता.

डॉक्टर खैरनारबाई म्हणाल्या, हात घालाल
तर त्याचंच खरं ठरेल,
की माणूस जवळ येतो तो घ्यायलाच येतो.
लांब उभ्या राहा. वाडग्यात आहे त्याहून चांगलं
काहीतरी टाका, आणि पाठ फिरवून परत या.
एवढंच. रोज.
गुरगुरला म्हणून रागवू नका.
गुरगुरणं बंद पाडलंत, तर मग थेट चावाच उरतो.

नवव्या फरशीवरून उकडलेल्या कलेजीचा तुकडा.
पाठ. परत.
तेजल दाराबाहेर, कडी लावून.
श्रावण सरता सरता आठवी.
सातवीवर होते तर कुकरची शिटी झाली,
मी दचकून पुढे गेले,
पुन्हा नवव्यावर.
दिवाळीत पाहुणे होते, त्यांच्या देखत नको म्हणून
गच्चीच्या जिन्यात एकट्याला जेवू घातलं.
माझा जुना स्वेटर कापून त्याला शिवला
त्या थंडीत चौथी.

याच दिवसांत कधीतरी दिसला
हिरामणचा डावा हात.
कोपरापासून वळून ताटाला बांध घातल्यासारखा.
सुरगाण्याकडची आश्रमशाळा, दोनशे पोरं, एक पातेलं,
हे लग्न ठरतानाच सांगितलं होतं त्याने.
हाताचं सांगितलं नव्हतं.
आणि मी बारा वर्षं मागून येऊन
त्याच्या खांद्यावरून वाकून भाकरी वाढतेय.

फेब्रुवारीत पगारकाकांच्या मळ्यातून क्रेट आला.
नाशकात द्राक्षाला नाही कोण म्हणतं?
कुत्र्याला मात्र ते विष.
तेजलची किंकाळी ऐकून धावले, तर
पतंग खाटेखाली, पंजांमध्ये अख्खा घड,
आणि जातं फिरतंय.
माझा हात निघालाच होता.
हिरामणने मनगट धरलं.

कलेजीचा डबा काढला. झाकण वाजवलं.
जमिनीवर बसला, अर्धी पाठ वळवून,
आणि एकेक तुकडा टाकत गेला, दर वेळी थोडा लांब,
बारीक आवाजात काहीतरी बोलत,
त्याच्या गावच्या बोलीत,
जी या घरात मी कधी ऐकली नव्हती.
पतंगने घडाकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं.
आधी ती लांब मान बाहेर आली,
बाकीचा कुत्रा सावकाश मागून.
मी घड उचलला, त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

देठं तपासली: एक मणी कमी.
एका कानाला फोन, डॉक्टरबाई उचलत नव्हत्या,
दुसऱ्या हातात टॉर्च, मी पोटावर खाटेखाली.
तेजलच्या चपलेत सापडला. दात न लागलेला.

रात्री भाकरी घेऊन मी समोरून गेले.
दोन फरश्या अलीकडे थांबले.
वाढू?
हिरामणने मान वर केली.
हात होता तिथेच होता.
तव्यावरची दुसरी करपायला लागली होती,
तरी उभी राहिले.